शेवटचं छप्पर

अलिबागेत कौलारू घर शाकारायचं तर हरेश्वरालाच बोलवत. खाऱ्या वाऱ्यानं कौलांखालच्या रिपांचे खिळे गंजत, उन्हानं कौलं तडकत. तो एकेक कौल बोटानं वाजवून पारखून घेई. गावाची छपरं आधी, स्वतःचं शेवटी. बायको, जनी, दर वैशाखात विचारी, “आपलं कवा?” तो म्हणे, “उद्या.”

एकतीस साली त्या उद्याच्या आधीच वादळ आलं. घरचं तडकलेलं कौल निजलेल्या जनीच्या कपाळावर पडलं आणि ती उठलीच नाही.

तेरावं उरकून त्यानं पहिलं आपलं घर शाकारलं. आता तिथं थेंबही गळत नाही. पण कुणाच्याही छपरावर कौल उचललं, की खालच्या अंधारातून जनी विचारते, “आपलं कवा?”

आणि त्याच्या तोंडून अजूनही “उद्या”च निघतं.