पुरा वाटा

तुडील गावाहून आणलेल्या अख्ख्या बोकडाचं मटण फ्रीझरसाठी वजन करून पिशव्यांत भरत होतो. ताज्या मटणाच्या वासानं वडील गेले त्या वर्षीची धुळवड आठवली.

भावकीनं मिळून बोकड कापला होता. केळीच्या पानांवर घरटी एक वाटा मांडला होता. आमचा तेवढा निम्माच होता.

"वैनी, घरात आता कर्ता बाप्या नाय. एवढं पुरे," चुलते म्हणाले.

"भावजी, माझी चूल काय अर्धी पेटते?" आई वाट्यांसमोर मांडी घालून बसली. "पुरा वाटा पडल्याबिगर कुणी पान उचलायचं नाय."

तेव्हा मला ती भांडखोर वाटली होती. आज वाटतं, हिशेब तिचा एकटीचाच बरोबर होता. शेवटी चुलत्यांनी घालून दिलेला पुरा वाटा तिनं त्या दिवशी वाडीतून उघडाच घरी नेला आणि दार सताड उघडं ठेवून रस्सा केला.