साचेखात्यातले हार

सदर कर्मचारी: मेघना राजाराम परब. वय चौतीस. हुद्दा: सीनियर एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट. कामाचं स्वरूप: जपानी व्हिडिओ गेममधल्या इमारतींची पडझड. प्रावीण्य: गंज, ओल, कोळिष्टकं. सेवा नऊ वर्षं, वर्तणूक समाधानकारक. ठपका: गोपनीय काम एका अनधिकृत व्यक्तीस दाखवलं.

ओसाकाचे हायाशी तीस वर्षं गेम बनवत होते. त्यांचे राक्षस लोक विसरले, जागा विसरले नाहीत. त्यांच्या एका पडक्या दीपगृहापायी मेघनानं शाळेत असतानाच ही लाइन धरली. या वेळी हायाशींना बंद पडलेली कापड गिरणी हवी होती. मेघनाचा स्टुडिओ लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातच; पण बघण्यासारखी तिथे एक चिमणी उरलेली, तीही रंगवलेली.

घरून काम करायचं तर अट होती: खोलीत दुसरी व्यक्ती नसावी. मेघनानं सही केली. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दुसरी व्यक्ती खाटेवर असायची, नाकात ऑक्सिजनची नळी. तिचे वडील, राजाराम. कामाची वेळ झाली की ते आपणहून भिंतीकडे तोंड करत.

"कंपनीचो कायदो म्हणजे कायदो."

"आणि युनियनमध्ये आयुष्यभर काय केलंत बाबा?"

"तां येगळा."

डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. गेम येणार पुढच्या वर्षी. मेघनाला बाबांना एकदा तरी आपण गेमसाठी उभारलेलं साचेखातं, मागांची ती लांबलचक रांग, दाखवायचं होतं. एका दुपारी तिनं लॅपटॉप उचलून भिंतीच्या बाजूनं त्यांच्यासमोर धरला.

राजारामांनी एकेक माग निरखला.

"साच्यांवरचे हार खंय?"

"बंद गिरणीत कसले हार?"

"दसऱ्याक घातलेले. दिवाळीच्या आधी गेट बंद केल्यानी. काढूक कोण गेलो? थंयच सुकले."

मेघनानं प्रत्येक साच्यावर सुकलेला झेंडू चढवला. हायाशींचा निरोप आला: असा तपशील तीस वर्षांत पाहिला नाही, कुठून मिळाला? उत्तरासाठी फॉर्ममध्ये संदर्भाचा रकाना होता. बाकीचे त्यात कुठलीही वेबसाइट टाकत. मेघनानं लिहिलं: वडील, राजाराम परब, यांनी स्क्रीनवर पाहून सांगितलं. एवढं नाव तरी जपानला जाऊ दे.

लॅपटॉप दुसऱ्याच दिवशी परत घेतला गेला. हार घातलेलं खातं राजारामांना दिसलंच नाही.

"इंटरनेट लिहायचं ना यार!" एचआर बघणारी अपेक्षा खरोखर कळवळली.

"वडील आहेत ते माझे."

"पॉलिसीत वडील नसतात गं. अधिकृत नाहीतर अनधिकृत."

चौकशी दीड महिना चालली. हार गेममध्ये ठेवायचं ठरलं. मेघनाला काढल्याचं पत्र घरी आलं तेव्हा राजारामांचं तेरावं होऊन चार दिवस झाले होते.

स्टुडिओ आहे त्याच जागेवर या अनधिकृत व्यक्तीनं एकोणीस वर्षं साचे चालवले होते.