पुसलेलं हळदीचं गाणं

आमच्या कॉलेजच्या गच्चीवर रेडिओचा अँटेना उभा राहिला, तेव्हा मी तिथे मराठी शिकवत होते. स्टेशन म्हणजे ग्रंथालयामागची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आम्ही जुन्या रजया ठोकल्या होत्या. यंत्रं सांभाळायला एक काका होते. बुऱ्हाणपुरात उभा जन्म त्यांनी रेडिओ दुरुस्त करण्यात घालवला होता.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ताई, फिल्मी गाणी तर सगळीकडेच वाजतात. आपण जे कुठंच वाजत नाही ते वाजवू."

तसंच ठरलं. कॉलेजच्या पोरापोरींचा गिटारवाला बँड, तापीकाठच्या राजघाटावरची भजनं आणि आसपासच्या गावांतून मी रेकॉर्डरवर भरून आणलेली बायकांची गाणी. लोकांच्या लेखी गाणी म्हणजे फिल्मीच; बरेच दिवस फोन यायचे ते एवढंच विचारायला, "मॅडम, गाने कब लगाओगे?"

एका सोमवारी शाहपूरकडची एक बाई खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. बसनं आली होती.

"मॅडमजी, मागच्या महिन्यात दुपारी हळदीचं गाणं लागलं होतं. ते माझ्या मायनं म्हटलेलं आहे."

मला आठवलं. त्यांच्या गावातल्या एका लग्नात मी ते भरून घेतलं होतं. गाणाऱ्या बाईंचं नावही विचारलं नव्हतं.

"मायला लकवा मारला. वाचा गेली," ती म्हणाली. "ते गाणं माझ्या मोबाइलमध्ये टाकून द्या. घरात तिचा आवाज राहील."

मी कॉम्प्युटर उघडला, पण शोधायच्या आधीच मला माहीत होतं. जागा भरली की मी जुनं काहीबाही पुसून टाकायचे. त्या गाण्यात कुत्री भुंकत होती, कुणी हसत होतं, म्हणून एकदा लावून ते मी पुसलं होतं. बँडचं एकच गाणं मात्र चार-चार वेळा भरलेलं तसंच पडून होतं.

"माझ्याकडून पुसलं गेलं," मी म्हटलं.

ती रागावली नाही. "बरं" म्हणाली, पदर सारखा केला आणि गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी वर्गात माझं लक्ष लागलं नाही.

काकांनी कॉम्प्युटर तपासून पाहिला, पण हाती काही लागलं नाही. मग म्हणाले, "आवाज गेला, ताई. पण गाणं बाकीच्या बायांना येत असेल ना?"

रविवारी आम्ही दोघं त्या बाईच्या गावी गेलो. केळीच्या बागेला लागून घर. ओसरीत खाटेवर माय पडलेली. मी तिच्याजवळ बसून काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. मुलीनं शेजारच्या चौघींना बोलावलं. त्यांनी गाणं सुरू केलं, पण दुसऱ्या कडव्याला सगळ्या अडखळल्या. एक म्हणे मांडवाचं कडवं आधी, दुसरी म्हणे तापीच्या पाण्याचं.

तेवढ्यात खाटेवर टकटक झाली. मायनं चांगल्या हातानं खाटेची लाकडी पट्टी वाजवली होती. बायकांनी मांडवाचं कडवं धरलं, तर तिनं हात जोरानं हलवला. तापीच्या पाण्याचं धरलं, तेव्हा हात पट्टीवर परत ठेका धरू लागला.

"घ्या, मास्तरीण आहे अजून," शेजारीण म्हणाली. मायच्या तोंडाची एक बाजू हसली.

त्या दुपारी सगळं गाणं तिनं असं दुरुस्त करून घेतलं. एक ओळ तर सात-आठ वेळा म्हणायला लावली. स्टेशनवर आल्यावर मी काकांना म्हटलं, "ती टकटक काढता येईल का?"

"येईल," ते म्हणाले, "पण काढणार नाही."

आम्ही ते तसंच लावलं. शाहपूरच्या पुढे आमचा आवाज खरखरायचा, तरी त्या घरी अंगण भरलं होतं, असं मुलीनं फोनवर सांगितलं. त्यानंतर इतर गावांतून बोलावणी येऊ लागली. पार चांदनी गावाहून एक बाई आपल्या सासूला घेऊन आल्या. गाने कब लगाओगे, हे विचारणं हळूहळू थांबलं.

पुढे कॉलेजचा कारभार बदलला. ट्रान्समीटर बिघडला, तो नीट करायला कुणी मंजुरी दिली नाही, आणि स्टेशन बंद झालं. खोलीत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. सगळी रेकॉर्डिंगं काकांनी आधीच उतरवून ज्याच्या त्याच्या घरी पोचवली होती. माझी पुसण्याची सवय त्यांना माहीत होती.

माय दोन वर्षांनी वारली. यंदा तिच्या नातीच्या हळदीला मला बोलावणं आलं. मुलीनं मोबाइल स्पीकरला जोडून आमचं रेकॉर्डिंग लावलं. पहिलं कडवं होईतो बायका ऐकत होत्या, मग एकेक करून गाऊ लागल्या आणि स्पीकर ऐकू येईना. मुलीनं तो बंद केला आणि त्यांच्यात जाऊन बसली.