बायोडाट्यातली बदललेली ओळ

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला की उठून गोठ्याकडे जायचो. आता पंचाहत्तरी उलटली आहे, तेव्हा खरं काय ते लिहूनच ठेवतो.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी वायुदलात लढाऊ विमान चालवते. भाऊ लवकर गेला, म्हणून तिच्या सोयरिकीचं मीच पाहत होतो. तिनं पाठवलेल्या बायोडाट्यात नोकरीपुढे 'लढाऊ वैमानिक' असं होतं. केनवडकडचं एक चांगलं घर आलं होतं. लढाईत जाणारी सून कोण करील, या भीतीनं मी रिसोडला टायपिंगवाल्याजवळ बसून ती ओळ बदलून घेतली: 'वायुदलात कार्यालयीन काम'. तिला विचारलं नाही.

बैठकीत मुलाच्या मामानं सहज विचारलं, ऑफिसात काय काम असतं?

"मी ऑफिसात नाही," ती म्हणाली. "विमान चालवतो. लढाईचं."

मामाला थट्टा वाटली. "मंग चहा बी वरूनच टाकतं काय, बाई?"

सगळे हसले. ती हसली नाही, तेव्हा मामानं खिशातून बायोडाटा काढला. "हे कोनं लिवलं मंग?"

मी म्हणालो, "तिनंच धाडलं. मले काय मालूम."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घातली. मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. पाहुणे उठले. भावकीत तिला 'खोटारडी' हे नाव चिकटलं, आणि मी ते चिकटू दिलं.

पुढे सीमेवर लढाई पेटली. तिचा फोन लागेना. तिची आई टीव्हीसमोरून हलत नव्हती. पोरगी लढाईवर आहे म्हणून पारावर तेच लोक मला मान देऊन आधी बसायला जागा करू लागले. मी बसायचोही. तिथंच ठरवलं, पोरगी परतली की सांगायचं.

लढाई थांबली आणि तिचा फोन आला. "मोठेबाबा, पेरणी झाली काय?" मी सोयाबीनच्या बियाण्यावर कितीतरी वेळ बोलत राहिलो.

हा कागद मी भावकीत वाचून दाखवणार आहे. केनवडलाही स्वतः नेऊन देणार आहे. कोणी काही म्हणो, ते मी करीन. पण "पोरी, खोटं मी बोललो, मले माफ कर," एवढं तिला अजून म्हणता आलेलं नाही.