सीधा की उल्टा

बांगड्या भरायला आलेल्या बाईचा हात हातात घेतला की मावशी आधी अंगठ्याखालचं हाड दाबायच्या आणि बांगडीच्या मापाचा निकाल द्यायच्या, "सव्वादोन." बाईने नाक मुरडलं तर वर समजूत, "हाड लबाड बोलत नसतंय, बेटी." सुलतान बाजारात त्यांच्याकडे कधी बसला असाल तर तुम्हीही हे ऐकलं असेल. त्यांचं मराठी जुन्या हैदराबादचं, अर्धं दखनी. माझं पुण्याचं, चार दखनी शब्द शिकून शेफारलेलं.

त्यांचा डावा तळहात उताणा असायचा. त्यावर गिऱ्हाइकाचा हात विसावला की उजव्या हाताने बांगडी कधी चढवली ते कळायचंही नाही.

एकदा त्यांची रिक्षा कलंडली. डावा हात मोडला, जखम चिघळली, सडलेला हाडाचा तुकडा काढावा लागला. मी फिजिओ आहे त्या दवाखान्यात त्या आल्या तेव्हा कोपराखालचा हात नुसता हेलकावे खात होता. डॉक्टर म्हणाले, कोपराखालच्या दोन हाडांचं जे उरलंय ते जोडून एक करू. हात भक्कम होईल, पण तळहात पुन्हा फिरणार नाही. तो उताणा ठेवायचा की पालथा, हे आधीच ठरवायला हवं. डॉक्टर तेलुगू, म्हणून मावशींना समजावायचं काम माझ्याकडे आलं. ते मी एका प्रश्नात उरकलं.

ऑपरेशनच्या सकाळी मी ऐटीत विचारलं, "मावशी, हात सीधा की उल्टा?"

"उल्टा!" त्या वैतागल्या. "किती पुसशील गं? फजरपासून चौथी बार सांगायले."

मी कागदावर लिहिलं, पालथा.

इथे सीधा हात म्हणजे उजवा आणि उल्टा म्हणजे डावा. हे मला ठाऊक होतं, नेमकं तेव्हाच सुचलं नाही. कोणत्या हाताचं ऑपरेशन, एवढंच जो तो त्यांना सकाळपासून विचारत होता.

हाड छान जुळलं. प्लास्टर निघाल्यावर मावशींनी हौसेने माझाच हात धरायला डावा हात पुढे केला. तळहात जमिनीकडे. त्यांनी खांदा वाकवला, कोपर अंगाशी आणलं, सगळं अंग पिळलं, पण तो उताणा होईना.

"कवा वळंल गं?" सहा मंगळवार त्या हेच विचारत राहिल्या, आणि मी भित्री, बोटांचे व्यायाम देत राहिले.

सातव्या मंगळवारी सगळं सांगितलं. शब्द, कागद, माझी चूक. मला रडू फुटलं. त्यांना नाही.

त्यांनी चांगला, उजवा हात माझ्यासमोर धरला. उताणा केला, पालथा केला, परत उताणा केला.

"असं करून दाखवायचं होतं, बेटी. बस, एवढंच."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. दुकानात आता सून बसते. मी घरी फोन केला तेव्हा तिनेच उचलला आणि माझं नाव आत जाऊन सांगितलं. मावशींचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"नक्को."