एका आवारात दोन ध्वजवंदनं

आमच्या कामतघरच्या सोसायटीत संघरत्ना रोकडे राहते, बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. दापोड्याच्या एका मोठ्या गोडाऊनला ती गेट सांभाळते. कुठला ट्रक आत घ्यायचा, कुठला बाहेर थांबवायचा, कुणाचे कागद अपुरे आहेत, हे सगळं तिच्या हातात. नऊ राज्यांतले ड्रायव्हर तिला मॅडम म्हणतात. एकदा एका ड्रायव्हरने भर रस्त्यात ट्रक आडवा लावून "पहिले मेरा नंबर" असा हट्ट धरला. तिने त्याला काही न बोलता खुर्ची दिली, चहा दिला आणि त्याचे कागद फायलीत सगळ्यात खाली ठेवले. चहा संपेपर्यंत त्याने ट्रक आपणहून सरळ केला होता. नवरा मिलिंद एसटीत कंडक्टर. दोघं घरी एकत्र असतात ते आठवड्यातून दीड दिवस, त्यामुळे भांडायलाही सवड नाही, असं ती सांगते.

अशा बाईवर गेल्या वर्षी पूर्ण सोसायटी महिनाभर रुसून बसली होती. मीसुद्धा. मी ए विंगचा.

झालं असं, की सोसायटीच्या अध्यक्षपदाची निवडणूक लागली. नियमाप्रमाणे आधी कमिटी निवडतात आणि कमिटी अध्यक्ष निवडते. पण त्या वर्षी चुरस एवढी होती, की सगळ्यांनी थेट मतदान करायचं ठरलं. एका बाजूला ए विंगचे अण्णा खारकर. पस्तीस वर्षं हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. कोपऱ्यावर भाजी घ्यायला जातानाही शर्ट खोचून जाणारा. दुसऱ्या बाजूला बी विंगचा हिरामण मढवी. चार टेम्पोंचा मालक, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि कुठलीही गोष्ट आजच्या आज व्हायला हवी असणारा. अण्णा म्हणत, आधी गच्चीवरची टाकी दुरुस्त करू. हिरामण म्हणे, आधी आवारात फरशी घालू. एवढाच मतभेद. पण प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी अण्णांच्या बाजूचे लोक हिरामणला हुकूमशहा म्हणू लागले, आणि हिरामणच्या बाजूचे अण्णांना गळकी टाकी.

ए विंगला एकोणीस घरं, बी विंगला वीस, आणि घरटी एक मत, घर ज्याच्या नावावर त्याचं. म्हणजे हिशोबाने हिरामण एका मताने निवडून यायचा. पण संघरत्ना, घर तिच्याच नावावर, बी विंगची असली तरी अण्णांची विद्यार्थिनी. आठवीत तिला मूलभूत हक्क त्यांनीच शिकवलेले. त्यामुळे ती आपलीच, असं दोन्ही विंगा धरून चालल्या होत्या. तिला विचारलं कुणीच नव्हतं.

मतदान रविवारी, दहा ते चार. नेमका त्या दिवशी कशेळीच्या गोडाऊनचा गेटवाला आला नाही, म्हणून साहेबांनी हिला तिकडे पाठवलं. दोनला सुटली. सव्वादोनला कशेळीच्या रस्त्यावर एक कंटेनर आडवा झाला. ती रिक्षात बसून राहिली, मग रिक्षा सोडून चालत निघाली, मग कुणाच्या तरी टेम्पोत चढली. घामाने थबथबलेली, केसांत धूळ, अशी ती सोसायटीच्या गेटातून आत आली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पेटी उघडून झाली होती.

एकोणीस, एकोणीस.

"आता हिचं मत घ्या," हिरामण म्हणाला.

"वेळ संपली," अण्णा म्हणाले. "नियम म्हणजे नियम." खरं तर अण्णांनाही वाटत होतं की ते मत आपलंच आहे. पण नियम मोडून स्वतःचाच फायदा करून घ्यायला ते तयार नव्हते. ही त्यांची जुनी खोड.

मग चिठ्ठी टाकायचं ठरलं. चिठ्ठी कुणी काढायची? मत न दिलेल्या घरातली एकच व्यक्ती हजर होती. संघरत्नाने पदराला हात पुसले, स्टीलच्या डब्यात हात घातला आणि अण्णांचं नाव काढलं.

"आपल्याच विंगची बाय," हिरामण छातीवर हात ठेवून म्हणाला, "आन नाव त्यांचं काडते! ह्याला काय न्याय हाय?"

अण्णाही खूश नव्हते. जिंकूनही त्यांचा चेहरा नापास झालेल्या मुलासारखा. "चिठ्ठीचा अध्यक्ष," ते घरी जाता जाता मला म्हणाले. "पस्तीस वर्षं लोकशाही शिकवली, आणि अध्यक्ष झालो तो डब्यातून. ती वेळेवर आली असती तर मानाने झालो असतो."

म्हणजे हरलेलेही तिच्यावर नाराज आणि जिंकलेलेही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या एका सोसायटीच्या दोन झाल्या. व्हॉट्सअपचे दोन ग्रुप झाले. नोटीस बोर्डाच्या मधोमध खडूची रेघ पडली. हिरामणने स्वतःला बी विंगचा कार्याध्यक्ष म्हणून जाहीर केलं आणि तसा रबरी शिक्काही करून आणला. अण्णांची बायको सुचेता आणि हिरामणची रंजिता रोज सकाळी इमारतीभोवती बरोबर चालायच्या. आता सुचेता गेटापासून उजवीकडे निघायची आणि रंजिता डावीकडे. त्यामुळे प्रत्येक फेरीला दोघींची दोनदा समोरासमोर गाठ पडायची आणि दोनदा तोंड फिरवावं लागायचं. दहा फेऱ्यांत वीस वेळा. रंजिताची मान आखडली, तिने पट्टा लावला, पण फेऱ्या सोडल्या नाहीत.

संघरत्नाशी मात्र दोन्ही बाजू सारख्याच वागत. म्हणजे बोलतच नसत. जिन्यात भेटली तर लोकांना एकदम मोबाइल आठवायचा. दिवसभर गेटवर शेकडो माणसांशी बोलणारी बाई. घरी आली की तिला "जेवलीस का" विचारणारं कुणी नाही. मिलिंद म्हणाला, "दुसरीकडे खोली बघू या का?" ती म्हणाली, "कंटेनर मी आडवा केला होता का? मी का जाऊ?" पण त्या महिन्यात ती दोनदा बाथरूमचा नळ सोडून रडली, हे तिने मला खूप नंतर सांगितलं.

मग आला पंधरा ऑगस्ट.

दरवर्षी ए विंगपुढच्या खांबावर ध्वजवंदन व्हायचं. या वर्षी हिरामणने बी विंगपुढे नवा खांब रोवला, जुन्यापेक्षा हातभर उंच. अण्णांनी खिडकीतून तो डोळ्यांनी मोजला, आणि त्या दुपारी ते जेवले नाहीत. दोन्ही बोर्डांवर एकच वेळ लागली, सकाळी आठ.

त्या सकाळी आवारात अण्णांच्या खांबापुढे आम्ही ए विंगवाले रांगेत, आणि तीसेक पावलांवर बी विंगवाले आमच्याकडे पाठ करून. मधल्या मोकळ्या जागेत, नळाच्या ओट्याजवळ, संघरत्ना एकटी. पांढरी साडी, छातीवर कागदी झेंडा. कुठल्या रांगेत उभं राहायचं ते तिला ठरवता येईना, आणि तिला बोलावलंही कुणी नव्हतं.

हिरामणचा बेत आठला पाच कमी असतानाच उरकून टाकायचा होता. पण नव्या खांबावरचा हार वाकडा झाला. तो नीट करायला हिरामण स्टुलावर चढला, आणि तेवढ्यात अण्णांच्या घड्याळात आठ वाजले. दोरी ओढली, झेंडा वर गेला, सुचेताने राष्ट्रगीताला सूर लावला.

आता राष्ट्रगीत म्हटलं की राष्ट्रगीत. ते कुठल्या विंगचं आहे हे बघत नाहीत. बी विंग जागच्या जागी ताठ झाली. हिरामण स्टुलावरच सावधान, हाराचं एक टोक मुठीत. सुचेताचा सूर जरा संथ. तो पुरा होईपर्यंत स्टूल दोनदा डुगडुगलं, पण हिरामण हलला नाही.

आमचं संपलं. आम्ही खाली सतरंजीवर बसलो. अण्णांनी भाषणाचा कागद काढला, घसा साफ केला, "माझ्या प्रिय देशबांध..." म्हणाले, आणि तिकडे हिरामणने खाली उडी मारून दोरी ओढली. त्याचा झेंडा वर गेला. त्याने ड्रायव्हर कुमारला खूण केली. कुमारने आवाराच्या टोकाला उभ्या टेम्पोत पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि धावत येऊन रांगेत उभा राहिला. टेम्पोवर लग्नाच्या मिरवणुकीतले दोन स्पीकर होते. राष्ट्रगीत सुरू झालं तशा ए विंगच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आम्ही धडपडत उठलो. अण्णा कागद हातात धरून, तोंड अर्धवट उघडं तसंच, सावधान.

संपलं. आम्ही गुडघे वाकवले, आणि ते पुन्हा सुरू झालं.

कुमार रस्त्यावर एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकत गाडी चालवतो. ती सवय मशीनला लागलेली होती.

दुसऱ्यांदा संपलं. दोन सेकंद शांतता. तिसऱ्यांदा सुरू.

बंद करायला कुणीतरी जायला हवं होतं. पण जाणार कोण? कुमार हिरामणकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता. हिरामण अण्णांकडे बघत होता, कारण तो हलला असता तर "राष्ट्रगीत चालू असताना हलला" हे अण्णांच्या बोर्डावर दिवाळीपर्यंत राहिलं असतं. आणि अण्णा तर अण्णाच. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दूध उतू गेल्याचा वास आला. सगळ्या बायकांनी नाकं ओढली, पण एकीनेही मान वर केली नाही. तेवढ्यात गेटावर पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला हात उचलला, आवाज ऐकला, आणि बिचारा खाली उतरून दाराशी ताठ उभा राहिला.

तिसऱ्यांदा संपलं, त्या दोन सेकंदांत त्याने जवळच्या संघरत्नाला विचारलं, "मॅडम, और कितनी बार?"

"हिलना मत," ती म्हणाली आणि धावली. आठ-दहा पावलं गेली असेल, तोच चौथी फेरी सुरू. ती जिथे होती तिथे थांबली. पदर सुटलेला, एक चप्पल मागे राहिलेली, पण हात मांड्यांना चिकटलेले.

मी समोरच होतो. हसू दाबून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्याला ते देशप्रेम वाटलं.

चौथी फेरी संपली, ती पुन्हा धावली. या वेळी आणखी एक माणूस हलला. अण्णांचे गुडघे थरथरायला लागलेले हिरामणने पाहिले होते. त्याने बाजूचं स्टूल उचललं आणि आमच्या दिशेने निघाला. दोघंही अर्ध्या वाटेवर पोचले आणि पाचवी फेरी. एकीकडे संघरत्ना एका चपलेवर उभी, दुसरीकडे हिरामण बगलेत स्टूल धरून.

पाचवी संपली. संघरत्ना टेम्पोच्या मागच्या चाकापर्यंत. हिरामण अण्णांपासून चार हातांवर. सहावी सुरू. अण्णांच्या कपाळावर घामाचे थेंब. सुचेता नवऱ्याकडे बघतेय, हलू शकत नाही. पलीकडच्या रांगेत, मानेला पट्टा बांधलेली रंजिता सगळं शरीर वळवून त्यांच्याकडेच बघतेय.

सहावी संपली. संघरत्ना टेम्पोत चढली, आत हात घातला आणि पेन ड्राइव्ह उपसून काढला.

आवारात अशी शांतता पडली की गच्चीवरच्या टाकीतून ठिबकणारं पाणी ऐकू आलं. हिरामणने स्टूल अण्णांच्या मागे ठेवलं. "बसा मास्तर."

अण्णांनी विचारलं, "नक्की संपलं ना?"

पहिली रंजिता हसली. मान दुखत असताना कळवळत हसली. मग सुचेता, मग टँकरवाला, मग आमची एकोणीस घरं आणि त्यांची एकोणीस. अण्णा स्टुलावर बसून हसत होते आणि चष्मा पुसत होते. हिरामण त्यांचे पाय चेपायला खालीच बसला. "माजी चूक झाली मास्तर. त्या कुमारला आज मी न्हाय सोडत."

"कुमारला काही बोलू नकोस," अण्णा म्हणाले. "सहा वेळा म्हणजे सहा वेळा, पण सगळे उभे राहिले. माझ्या वर्गात एकदाही असं झालं नव्हतं."

तेवढ्यात संघरत्ना आली, एका पायात चप्पल, हातात पेन ड्राइव्ह. ती हसत नव्हती.

"झालं हसून?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. महिनाभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. सर, तुम्ही पण. मी वेळेवर आले असते तर काय झालं असतं? वीस-एकोणीस. म्हणजे एकोणीस माणसं रुसून बसलीच असती. तुम्हाला भांडायचंच होतं. मी फक्त उशिरा आले."

हिरामण जमिनीकडे बघत म्हणाला, "ताय, तरी एक विचारू? मत कोणाला देनार होतीस?"

"दादा, त्या रस्त्यावर दोन तास होते मी. चार वेळा बदललं. शेवटी ठरवलं की टाकी आणि फरशी दोन्ही करेल त्याला देईन. असा उभाच नव्हता कोणी."

अण्णा स्टुलावरून उठले. गुडघे साथ देईनात, म्हणून हिरामणने हात दिला. अण्णा तिच्यासमोर उभे राहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "वर्गात मी तुला हक्क शिकवले. कुणाला काय हवं आहे ते आधी विचारावं, हे माझंच शिकायचं राहिलं." मग ती रडली, पण नळ न सोडता, सगळ्यांसमोर. रंजिता तिची मागे राहिलेली चप्पल घेऊन आली.

दोन्हीकडच्या जिलब्या एकाच ताटात आल्या. बी विंगच्या जास्त चांगल्या होत्या, हे अण्णांनी जाहीरपणे मान्य केलं.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीत चाललं असं नाही. अण्णा अध्यक्ष राहिले. हिरामण उपाध्यक्ष झाला, जरी नियमांच्या पुस्तकात असं पद अण्णांना रात्रंदिवस शोधूनही सापडलं नाही. टाकीचं काम निघालं, फरशी अर्ध्या आवारात झाली. नंतर इमारतीला रंग कोणता द्यायचा यावरून सप्टेंबरच्या सभेत अडीच तास वाद झाला. आवाज एवढे चढले, की बाहेरचे लोक गेटाशी जमले. शेवटी हात वर करून मतं मोजली. संघरत्नाने सुट्टी टाकली होती, ती पहिल्या रांगेत बसली होती. बावीस विरुद्ध सतरा, बदामी रंग जिंकला. हिरामण हिरव्याच्या बाजूने होता, त्याचं तोंड पडलं. सगळ्यांना पुन्हा ती खडूची रेघ आठवली.

मग रंजिता, तीही हिरव्यावालीच, चहाचे पेले गोळा करता करता म्हणाली, "बरं, मग ते रंगवाले कवा येतान? मला खिडक्यांचे पडदे काडून ठेवाय लागतील."