पोथीची हाडाची खुंटी

मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी माझ्याआधी आमची पोथी बघितली. हळ्ळीखेडच्या आमच्या घरात ती देवळीत असायची. आजोबांनी ती बिदरच्या एका जिल्दसाजाकडून बांधून आणली होती. पोथी मिटली की दोरीचा फास एका पांढऱ्या खुंटीत अडकवायचा. बोटाएवढ्या त्या खुंटीवर कमळ कोरलं होतं. खुंटी हाडाची होती. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण आजोबांनी आणलेली म्हणून कुणी बोलत नसे. आम्ही लिंगायत, हाडाचं नाव निघालं तरी आई चूळ भरायची.

मुलाचा चुलता महासंशयी. त्यानं खुंटीवरून नख फिरवलं, ती नाकाशी नेली.

"कशाची हाय ही, अण्णा?"

"हस्तिदंताची," वडील म्हणाले. खोटं बोलताना ते धोतराचा सोगा चाचपायचे, तसा त्यांनी चाचपला.

"मग एक सुई तापवून आणा. हाड असलं तर वास सुटंल."

माझं हे तिसरं स्थळ. मुलगा मला आवडला होता, हे आता सांगायला काय हरकत आहे? दाराआडून मी त्याच्याकडेच बघत होते. 'ऱ्हाऊ द्या काका' एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं. तो मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपसत बसला. माझ्या मनात पाल चुकचुकली. आज ही माणसं खुंटी हुंगतायत, उद्या माझा स्वयंपाक हुंगतील. तेव्हाही हा दोरेच उपसणार का? आई खरंच चुलीपाशी सुई तापवायला बसली होती. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी सरळ बाहेर आले.

"सुई कामून तापवायलाव? हाडच हाय ते."

पाहुणे पाण्यालाही तोंड न लावता उठले. आईनं कपाळावर हात मारून घेतला. वडिलांनी माझ्याकडे न बघता पोथी उचलून देवळीत ठेवली, ते मला जास्त लागलं.

मी अंगणातले तांबे उचलत होते. मुलगा चपला घालायला मागं रेंगाळला. चुलता बैलगाडीत बसल्याची खात्री करून हळूच म्हणाला, "आमच्या पोथीला बी असलीच हाय. काकाला ठाऊक न्हाई, मला हाय."

"मग आत कामून बोलला न्हाईत?"

त्यानं एकदा गाडीकडे बघितलं आणि तो चालू लागला.

माझी शंका फिटली. रडू मात्र आलंच.